टीईटीचा निकाल, उर्दू शाळा आणि शिकत राहणारा शिक्षक

सुप्रीम कोर्टाच्या ज्या निकालाने देशभरातील लाखो शिक्षकांची झोप उडवली, त्या निकालावर नाव आपल्याच एका तालीमी संस्थेचे आहे. 'अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा तो खटला. 1 सप्टेंबर 2025 रोजी न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि तेव्हापासून शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच विषय आहे: टीईटी. वीस-पंचवीस वर्षे वर्गात घालवलेल्या माणसाला आता पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसायचे आहे.

आपल्या समाजात या निकालाबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणजे, 'आपल्या शाळा अल्पसंख्याक आहेत, आपल्याला काही लागू नाही, निवांत राहा.' दुसरे म्हणजे, 'हा शिक्षकांना घरी बसवण्याचा डाव आहे.' पहिले मत अर्धवट माहितीवर उभे आहे आणि दुसरे भीतीवर. दोन्ही बाजूला ठेवून निकाल नेमका काय आहे, तो कोणाला लागू आहे आणि त्यातून आपल्या मुलांच्या तालीमसाठी काय करता येईल, हे शांतपणे पाहणे गरजेचे आहे.

निकाल काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम 23 नुसार शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आला. एनसीटीईने 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी सक्तीची केली. महाराष्ट्रात ही परीक्षा 2013 पासून सुरू झाली. त्याआधी डी.एड. किंवा बी.एड. करून जे नोकरीला लागले, त्यांचा समज असा होता की ही अट आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी आहे. कोर्टाने हा समज मोडून काढला. सेवेत असलेल्यांनाही टीईटी लागेल, असे त्याचे म्हणणे आहे.

मात्र कोर्टाने राज्यघटनेच्या कलम 142 खालील विशेष अधिकार वापरून थोडी सवलतही दिली. ज्यांच्या निवृत्तीला निकालाच्या दिवशी पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला होता, ते टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत नोकरी करू शकतील. पण त्यांना पदोन्नती मिळणार नाही. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांना दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे साधारण ऑगस्ट 2027 अखेरपर्यंत. तोपर्यंत टीईटी उत्तीर्ण झाले नाही तर नोकरी सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती येईल. नियमाप्रमाणे आवश्यक सेवा झाली असेल तर निवृत्तीचे लाभ मिळतील.

आपल्या राज्यात शालेय शिक्षकाचे निवृत्तीचे वय 58 आहे. त्यामुळे साधा हिशेब असा: 1 सप्टेंबर 2025 रोजी ज्यांचे वय 53 च्या आत होते, पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ज्यांची नेमणूक आहे आणि ज्यांनी टीईटी दिलेली नाही, त्यांनी हा निकाल आपल्यासाठीच आहे असे समजावे. हायस्कूलमध्ये असले तरी पाचवी ते आठवी शिकवणारे यात येतात. फक्त नववी ते बारावीला शिकवणाऱ्यांचा यात संबंध नाही.

'उर्दू शाळा' म्हणजे 'अल्पसंख्याक शाळा' नव्हे

इथेच आपल्याकडे सगळ्यात मोठा गोंधळ होतो.

2014 मध्ये 'प्रमती' खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले होते की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. कारण घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला आहे. दत्ता-मसीह खंडपीठाला 'प्रमती'चा हा भाग पटलेला नाही. पण दोन न्यायाधीश पाच न्यायाधीशांचा निकाल बदलू शकत नाहीत. म्हणून त्यांनी हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे पाठवला. त्याचा फैसला होईपर्यंत अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा निकाल लागू नाही.

आता नीट लक्ष द्या. 'अल्पसंख्याक' हा दर्जा संस्थेला मिळतो, माध्यमाला मिळत नाही. मुस्लिम ट्रस्टने चालवलेली, अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र असलेली शाळा मराठी माध्यमाची असो, उर्दूची असो वा इंग्रजीची, ती अल्पसंख्याक शाळा आहे. पण जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची उर्दू शाळा ही सरकारी म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेची शाळा आहे. तिथली सगळी मुले आणि सगळे शिक्षक मुस्लिम असले तरी ती अल्पसंख्याक संस्था होत नाही. तिथल्या शिक्षकांना टीईटीची अट आजच लागू आहे.

कोकणातल्या वाड्यांपासून मालेगाव, भिवंडी, अकोला, परभणी, नांदेडपर्यंत अशा सरकारी उर्दू शाळा मोठ्या संख्येने आहेत. तिथले अनेक शिक्षक 'आपण मायनॉरिटीत येतो' या भरवशावर बसून आहेत. हा भरवसा धोक्याचा आहे. मुस्लिम शिक्षक दुसऱ्या कुठल्या खाजगी, बिगर-अल्पसंख्याक संस्थेत असेल तर त्यालाही सूट नाही.

ज्या शाळा खरोखर अल्पसंख्याक संस्थांच्या आहेत, त्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोर्टांचा कल हळूहळू कुठे चालला आहे ते दिसते आहे. जानेवारी 2020 मध्ये पश्चिम बंगालच्या मदरशांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने शिक्षक निवडीसाठी आयोग नेमणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. अल्पसंख्याकांच्या अधिकाराला गुणवत्तेची जोड असावी, असा त्या निकालाचा रोख होता. उद्या मोठे पीठ काय म्हणेल हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या बाजूने फैसला आला तर अल्हमदुलिल्लाह. विरुद्ध आला तर नवी मुदत किती मिळेल, हे त्या वेळी आपल्या हातात नसेल. अभ्यास सुरू करणे मात्र आज आपल्या हातात आहे.

शिक्षकांचे गाऱ्हाणे खरे आहे

हे सगळे लिहिताना शिक्षकांची बाजू डावलून चालणार नाही. त्यांनी त्या काळच्या नियमांप्रमाणे पात्रता मिळवली, शासनाने त्यांना रीतसर मान्यता दिली. पंधरा-वीस वर्षांनी मागे जाऊन नवी अट लावली की मनात राग येणारच. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, काही राज्यांनी पुनर्विचार याचिकेचा मार्ग धरला. हा लोकशाही हक्क आहे आणि तो बजावलाच पाहिजे.

शिवाय ही परीक्षा सोपी नाही. नोव्हेंबर 2024 च्या महाराष्ट्र टीईटीत उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण शंभरात चारही नव्हते. 23 नोव्हेंबर 2025 च्या परीक्षेला तर सुमारे पावणेपाच लाख उमेदवारांनी नोंदणी केली, कारण त्यात सेवेतल्या शिक्षकांची भर पडली. याच परीक्षेचा इतिहासही स्वच्छ नाही. 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन निकाल फिरवल्याचे उघड झाले आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. 'पैसे भरा, पास करून देतो' असे सांगणारे दलाल अशा वातावरणात पुन्हा फिरू लागतात. हराम मार्गाने मिळवलेल्या प्रमाणपत्रावर मुलांना हलाल-हरामचा धडा कोणत्या तोंडाने शिकवणार? पकडले गेल्यावर नोकरी जाते, फौजदारी गुन्हाही अंगावर येतो, ते वेगळेच.

आणखी एक खरी तक्रार आहे. निवडणूक याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराचा हिशेब, यांतून शिक्षकाला शिकवायलाच वेळ उरत नाही. मग शिकायला कुठून उरणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीशी संबंधित कामे वगळता इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. ज्या कायद्याच्या आधारे शिक्षकाकडून टीईटी मागितली जाते, त्याच कायद्याचे हे कलम शासनाने पाळावे, ही मागणी अगदी रास्त आहे.

पण ही गाऱ्हाणी खरी असली तरी त्यांनी घड्याळ थांबत नाही. ज्या घरात शिक्षकाचा पगार हाच एकमेव आधार आहे, मुलीचे शिक्षण, घराचा हप्ता, आई-वडिलांचे औषधपाणी त्यावरच चालते, त्या घराला याचिकेच्या निकालाची वाट पाहत दोन वर्षे घालवणे परवडणारे नाही. लढायचे संघटनेने आणि अभ्यास करायचा प्रत्येकाने, असे दोन्ही एकाच वेळी झाले पाहिजे.

परीक्षा एकदाच, शिकणे कायमचे

टीईटी म्हणजे उंबरठा. तो एकदा ओलांडला की प्रमाणपत्र आयुष्यभर वैध राहते. पूर्वी सात वर्षांची मर्यादा होती, ती 2021 मध्ये काढून टाकली. पण उंबरठा ओलांडला म्हणून शिक्षक चांगला झाला असे होत नाही. आपल्या मुलांसाठी खरा प्रश्न त्यापुढचा आहे: नोकरीला लागल्यानंतरच्या तीस वर्षांत शिक्षक नवे काय शिकला?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने यावर एक आकडा ठेवला आहे. प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. मुख्याध्यापकांसाठीही तेवढेच 50 तास सांगितले आहेत, तेही नेतृत्व, व्यवस्थापन आणि अध्यापनशास्त्र या विषयांत. 50 तास ऐकायला मोठे वाटतात. आठवड्याला एक तास धरला तर वर्षाचे 52 होतात. जुमाच्या दिवशी शाळा लवकर सुटते, तिथे तासभर सगळे शिक्षक एकत्र बसले तरी वर्षाचा कोटा पूर्ण होतो.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हटले की शिक्षकांच्या डोळ्यांसमोर वेगळेच चित्र येते. तालुक्याच्या गावी सभागृह, प्रोजेक्टर, एकामागून एक पडदे, दुपारचे जेवण, सह्या आणि घर. 12 वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी आणि 24 वर्षांनंतरच्या निवडश्रेणीसाठी प्रशिक्षण लागते, ते पगारवाढीसाठी करायचे, असाच हिशेब असतो. त्यात चूक शिक्षकाची एकट्याची नाही. वर्गातल्या अडचणीशी ज्याचा संबंध नाही, ते प्रशिक्षण कोणालाही ओझेच वाटणार.

उर्दू शाळेतल्या शिक्षकाला तर दुहेरी अडचण येते. बालभारती आठ माध्यमांत पाठ्यपुस्तके काढते, त्यात उर्दू आहे. पण प्रशिक्षणातले साधनव्यक्ती बहुतेक मराठी माध्यमातले, उदाहरणे मराठी बाराखडीची, साहित्य मराठीत. पहिलीच्या मुलाला उर्दूत अक्षराचा शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बदलणारा आकार कसा शिकवायचा, याचे उत्तर त्या सभागृहात मिळत नाही. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे आहे. उर्दू वाचनाची स्वतःची अशी पद्धत शिक्षकांच्या हाती दिल्याशिवाय उर्दू शाळांत हे उद्दिष्ट गाठणे कठीण आहे.

दुसरीकडे मराठीची बाजू आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला कॉलेज, स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, तलाठी भरती, सगळीकडे मराठी लागते. ज्याची स्वतःची मराठी कच्ची आहे असा शिक्षक ती मुलांना आत्मविश्वासाने देऊ शकत नाही. म्हणून उर्दू शाळांच्या शिक्षकांसाठी मराठी अध्यापनाचे खास वर्ग ही आजची मोठी गरज आहे. कोकणातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्या मुस्लिम शिक्षकांची रोजची जबानच मराठी आहे, ते हे काम उत्तम करू शकतील.

दारे कुठे उघडी आहेत?

संधी नाहीत, असे म्हणण्यासारखी परिस्थिती नाही. माहिती पोहोचत नाही, ही अडचण जास्त आहे.

सरकारी व्यवस्थेत पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, तिच्याखाली प्रत्येक जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे डाएट, आणि गावपातळीवर केंद्रप्रमुखांची शिक्षण परिषद, अशी साखळी आहे. डाएटकडे उर्दू माध्यमाच्या गरजा लेखी मांडल्या पाहिजेत. 'आमच्यासाठी वेगळे काही नाही' अशी कुजबूज कोणी दप्तरी घेत नाही. तालुक्यातल्या तीस शिक्षकांच्या सह्यांचे निवेदन मात्र घ्यावे लागते.

ऑनलाइनमध्ये 2017 साली सुरू झालेले दीक्षा हे व्यासपीठ मोबाइलवर मोफत आहे. 2019 मध्ये केंद्राने शिक्षकांसाठी निष्ठा कार्यक्रम सुरू केला, त्याचे घटक दीक्षावर आले. समावेशक शिक्षण, शाळाधारित मूल्यमापन, पायाभूत साक्षरता अशा विषयांवर ते आहेत. इथे एक फायद्याची गोष्ट सांगतो. टीईटीच्या दोन्ही पेपरांत बालविकास व अध्यापनशास्त्राला 30 गुण आहेत आणि जुन्या शिक्षकांना हाच भाग सगळ्यात परका वाटतो. निष्ठाचे घटक नुसते 'पुढे' दाबून संपवण्याऐवजी वही घेऊन केले तर या 30 गुणांची बरीचशी तयारी त्यातच होते. तेच ज्ञान दुसऱ्या दिवशी वर्गातही कामाला येते.

उर्दू माध्यमासाठी हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे. 1998 मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय विद्यापीठात उर्दू माध्यमाच्या शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि त्याचे एक अध्यापक महाविद्यालय आपल्याच औरंगाबादेत म्हणजे छत्रपती संभाजीनगरात आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियातही उर्दू शिक्षकांसाठी अशा अकादमी उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातल्या संस्थांनी मिळून मागणी केली, जागा आणि शिक्षकांची यादी तयार ठेवली, तर असे वर्ग आपल्या जिल्ह्यात भरवण्यासाठी पाठपुरावा करता येतो.

विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांसाठी मुंबईत मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा हा भाग. तिथे प्रयोगातून विज्ञान कसे शिकवावे यावर शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात. मुंब्रा, कुर्ला, गोवंडी इथल्या शाळांना तर हे केंद्र अगदी दाराशी आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा सेवेतल्या शिक्षकांसाठीचा बी.एड. आणि शालेय व्यवस्थापन पदविका हे नोकरी सांभाळून करण्याचे मार्ग आहेत.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालकांसाठी

आपल्या समाजातल्या अनेक शाळा बुजुर्गांनी चंदा गोळा करून, जमिनी देऊन उभ्या केल्या. 1874 मध्ये मुंबईत बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची पायाभरणी केली, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. इमारती वाढल्या, तुकड्या वाढल्या. पण शाळेच्या वार्षिक अंदाजपत्रकात 'शिक्षकांचे प्रशिक्षण' हा रकाना किती ट्रस्टच्या वहीत आहे? स्नेहसंमेलनाला मंडप लागतो, त्यासाठी पैसे निघतात. पाच शिक्षकांना चार दिवसांच्या कार्यशाळेला पाठवायचे तर प्रवासखर्चाचा प्रश्न येतो.

मुख्याध्यापकपद बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेने मिळते. वीस वर्षे उत्तम गणित शिकवणारा माणूस एका सकाळी मुख्याध्यापक होतो आणि संचमान्यता, वेतनदेयके, पालकांच्या तक्रारी, संस्थेतली ओढाताण हे सगळे त्याच्या टेबलावर येते. हे काम त्याला कोणी शिकवलेले नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत शालेय नेतृत्वासाठी राष्ट्रीय केंद्र आहे आणि त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. राज्याची अशीच संस्था, मिपा, औरंगाबादेत आहे. नव्या मुख्याध्यापकाने पदभार घेतल्यावर पहिल्या वर्षात यांपैकी एक अभ्यासक्रम पूर्ण करावा, असा नियम संस्थांनी स्वतःहून करावा. त्यासाठी कोणत्याही कोर्टाच्या आदेशाची वाट पाहायला नको.

कलम 30 चा हक्क आपल्याला मोठ्या मुश्किलीने मिळाला आहे आणि तो जपलाच पाहिजे. तो जपण्याचा सगळ्यात मजबूत मार्ग म्हणजे आपल्या शाळांचा दर्जा. अल्पसंख्याक संस्थांना सूट दिल्याने मुलांचे नुकसान होते, असा युक्तिवाद उद्या कोर्टात होईल, तेव्हा आपल्याकडे उत्तर म्हणून काय असेल? 'आमच्या संस्थेचे सर्व शिक्षक सक्ती नसतानाही टीईटी उत्तीर्ण आहेत आणि दरवर्षी 50 तास प्रशिक्षण घेतात' असे प्रतिज्ञापत्र देता आले, तर कोणत्याही भाषणापेक्षा ते जास्त बोलेल.

टीईटीसाठी थोडे व्यवहाराचे

परीक्षा 150 गुणांची, वेळ अडीच तास, सगळे प्रश्न बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. पेपर एकमध्ये बालविकास, प्रथम भाषा, द्वितीय भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30 गुण. प्रथम भाषा उर्दू घेता येते. मग दुसरी मराठी किंवा इंग्रजी. पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एकाला 60 गुण आहेत.

उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के म्हणजे 90 गुण लागतात, मागास प्रवर्गांसाठी 55 टक्के. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. ज्यांची कागदपत्रे घरात पडून आहेत किंवा अजून काढलेलीच नाहीत, त्यांनी ती आधी नीट करून घ्यावीत. सात-आठ गुणांचा हा फरक काठावरच्या माणसाला तारतो.

राज्याच्या परीक्षेबरोबर केंद्राची सीटीईटीही आहे. तिच्यातही उर्दू आणि मराठी भाषा निवडता येतात. एकाच परीक्षेवर सगळे ठेवण्यापेक्षा दोन्हींची तयारी ठेवलेली बरी.

शहरातल्या ज्या संस्थांकडे सभागृह, वाचनालय, इंटरनेट आहे, त्यांनी रविवारचे मोफत टीईटी वर्ग सुरू करावेत आणि ते शेजारच्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांसाठीही खुले ठेवावेत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. नुकतेच टीईटी उत्तीर्ण झालेले, नोकरीच्या शोधात असलेले तरुण-तरुणी समाजात आहेत. ते शिकवू शकतात. पंचवीस वर्षांच्या मुलीकडून पन्नाशीचे सर बालमानसशास्त्र शिकत आहेत, यात लाजण्यासारखे काही नाही. आणि महिला शिक्षकांचा विचार वेगळा करा. शाळा, घर, मुले, सासू-सासरे सांभाळून त्यांना अभ्यासाला रात्री अकरानंतरच वेळ मिळतो. घरातल्यांनी दोन तासांचे काम उचलले तर ती मदत कोणत्याही क्लासच्या फीपेक्षा मोठी ठरेल.

पालकांनी काय विचारावे?

हा विषय फक्त शिक्षकांच्या नोकरीचा आहे असे समजू नका. सरकारी शाळेतले दोन-तीन शिक्षक एकदम बाहेर गेले आणि जागा भरल्या गेल्या नाहीत, तर कमी पटाच्या उर्दू शाळेचे भवितव्यच अडचणीत येते. नुकसान आपल्या मुलांचे होईल.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपल्या शाळेतल्या किती शिक्षकांना टीईटी लागू आहे? गेल्या वर्षभरात कोणत्या शिक्षकाने कोणते प्रशिक्षण घेतले? त्यातले काय वर्गात वापरले? हे प्रश्न अदबीने विचारा. शिक्षकाला कोंडीत पकडणे हा हेतू नको. पालकही आपल्या पाठीशी आहेत हे त्याला कळले पाहिजे. ज्या शाळेत हे विचारले जाते, तिथे प्रशिक्षणाची फाईल फक्त सह्यांपुरती राहत नाही.

इस्लाममध्ये इल्म मिळवण्याला वयाची मर्यादा नाही. पहिली वही 'इक्रा' या शब्दाने सुरू झाली आणि कुरआनच्या सूरह ताहामध्ये खुद्द प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना इल्म वाढवून मागण्याची दुआ शिकवली गेली. ज्यांच्याकडे वही येत होती, त्यांनाही अधिक इल्म मागायला सांगितले गेले, तिथे आपण 'वीस वर्षे शिकवतोय, आता काय शिकायचे?' असे कसे म्हणणार? सीरतच्या ग्रंथांत बद्रच्या लढाईतील कैद्यांचा प्रसंग येतो. लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांनी मदिन्यातल्या मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटका करून घ्यावी, असे ठरले. विरोधकाकडूनही शिकायला ज्या उम्मतने संकोच केला नाही, तिच्या शिक्षकांनी एका परीक्षेला घाबरू नये.

ऑगस्ट 2027 ला अजून वेळ आहे, पण फार नाही. याचिकांचे जे व्हायचे ते होईल. तोवर उद्यापासून रोज एक तास बाजूला काढा, आज रात्री दीक्षा उघडून एक घटक सुरू करा, आणि आपल्या शाळेतल्या ज्या सहकाऱ्याला हा निकाल आपल्याला लागू आहे हेच माहीत नाही, त्याला फोन करून सांगा. अल्लाह आपल्या उस्तादांच्या मेहनतीत बरकत देवो.